पायलिंगचा गाळ आणि नदीपात्रातली विहीर

तापी, गिरणा किंवा पांझरेवर पुलाचं काम निघालं की पात्रात भोक पाडणारी उंच रिग उभी राहते आणि तिच्या शेजारी राखाडी, ताकासारख्या पातळ द्रवाची टाकी. हा बेन्टोनाइट मातीचा घोळ. पुलाच्या पायासाठी जमिनीत काँक्रीटचे खोल खांब, म्हणजे पाइल, घालतात. त्यासाठी नदीच्या वाळूत खोल भोक पाडलं की कडा ढासळतात. भोकात हा घोळ भरला की त्यातले अतिसूक्ष्म कण वाळूच्या छिद्रांत अडकतात आणि आतून पातळ, चिवट थर बसतो. घोळ बाहेर झिरपत नाही आणि त्याच्या दाबाने भोकाच्या कडा टिकून राहतात. पद्धत उत्तम आहे. पाण्याचा प्रश्न पुढे, काँक्रीट भरताना येतो.

काँक्रीट नळीतून तळापासून वर भरत आणतात, त्यामुळे भोकातला सगळा घोळ वर ढकलला जातो. त्यातला बराचसा वाळू काढून पुढच्या पाइलला वापरता येतो. काँक्रीटला खेटून आलेला भाग मात्र सिमेंटमधल्या कॅल्शियममुळे दाटतो आणि टाकूनच द्यावा लागतो. तो कुठे टाकायचा हे आधी ठरलेलं नसेल, तर तो पात्रातच जातो. वाळूची छिद्रं बुजवण्याचा जो गुण भोकात हवा होता, तोच आता उघड्या पात्रात काम करू लागतो. आपल्याकडे कितीतरी गावांच्या नळपाणी योजनेची विहीर नदीपात्रात किंवा काठाला असते, तिला पाणी याच वाळूतून गाळून मिळतं. शिवाय पात्रातली कामं पावसाळा सरल्यावर, नदी आटत असताना चालतात. गाळ वाहून न्यायला तेव्हा प्रवाह नसतो, आणि गावाची सगळी भिस्त त्या विहिरीवर असते.

दुसरी बाब सामूची, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे हे सांगणाऱ्या पीएच आकड्याची. पिण्याच्या पाण्याचा सामू 6.5 ते 8.5 असावा लागतो, आणि ताज्या सिमेंटला लागून आलेलं पाणी 12 च्या पुढे जातं. या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट फरक, म्हणजे 8 आणि 12 मध्ये दहा हजार पटींचा. डोहातल्या माशांचे कल्ले एवढा क्षार सोसू शकत नाहीत.

खानदेशची जमीन सगळीकडे सारखी नाही, म्हणून इथे एकच नियम लावून भागत नाही. चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि भरड वाळूचा थर आहे. केळीच्या बागांना पाणी देणारं भूजल बरंचसं इथूनच मुरतं. पाणी इतक्या सहज आत जातं, तशीच घाणही जाते. या पायथ्याच्या पट्ट्यात सांडलेला घोळ किंवा डिझेल मला नदीतल्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. धुळे-नंदुरबारकडे बेसॉल्ट आहे, आणि त्याला छेदून गेलेल्या उभ्या कठीण खडकाच्या भिंती, म्हणजे डाइक. एखादा डाइक पाणी अडवून धरतो, तर दुसऱ्याच्या भेगांतून ते पुढे वाहतं. पायासाठी असा खडक फोडला तर एका विहिरीचं पाणी वाढेल आणि दुसरीचं उतरेल, हे वरून बघून सांगता येत नाही.

याच भेगा बुजवायला ग्राउटिंग करतात, म्हणजे सिमेंट किंवा रसायनाचं मिश्रण दाबाने आत भरतात, आणि तिथे निष्काळजीपणा किती महागात पडतो याची नोंद आहे. जपानमध्ये फुकुओका भागात 1974 साली भूमिगत कामासाठी जमिनीत सोडलेलं अॅक्रिलामाइड हे विषारी रसायन जवळच्या विहिरीत उतरलं. ते पाणी पिणाऱ्या एका कुटुंबातल्या पाच जणांना मेंदू आणि नसांचा त्रास झाला. त्यानंतर जपानने अशा रासायनिक ग्राउटवर कडक बंधनं आणली. स्वीडनमध्ये हालान्डसोसच्या रेल्वे बोगद्यात 1997 साली पुन्हा तेच घडलं. गळती थांबवायला वापरलेल्या ग्राउटमधून अॅक्रिलामाइड ओढ्यात आलं, मासे मेले, गाईंना विषबाधा झाली. बोगदा अखेर 2015 मध्ये सुरू झाला.

उपाय बरेचसे साधे आहेत. पाइलच्या भोकात पोलादी केसिंग, म्हणजे कडा धरून ठेवणारी नळी, उतरवलं तर बेन्टोनाइट कमी लागतं किंवा लागतच नाही. घोळ वापरायचाच असेल तर तो पुन्हा पुन्हा वापरावा, आणि त्यासाठी साइटवर मार्श फनेल पुरतं. हे एक साधं नरसाळं असतं. त्यातून 946 मिलिलिटर स्वच्छ पाणी 26 सेकंदांत खाली येतं. घोळाला किती जास्त वेळ लागतो, यावरून त्याचा दाटपणा कळतो आणि चांगला घोळ उगाच फेकला जात नाही. टाकाऊ घोळासाठी ताडपत्री किंवा प्लॅस्टिक अंथरलेला खड्डा पात्राबाहेर, पुराच्या रेषेच्या वर असावा. सामू उतरवायला पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो जास्त झाला तरी पाणी तीव्र आम्लाइतकं खाली जात नाही, म्हणून खनिज आम्ल ओतण्यापेक्षा तो मला बरा वाटतो.

काळ्या मातीतल्या घरांसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल आहेत. खाली फुगीर केलेले हे पाइल उथळ असतात आणि भूजलपातळीच्या वर असले तर हाताच्या गिरमिटाने, घोळाविना खोदता येतात. आपली काळी माती फुगते ती बेन्टोनाइटमधल्याच मॉन्टमोरिलोनाइट या खनिजामुळे. सिमेंटऐवजी जिवाणूंकडून वाळूचे कण सांधण्याचे प्रयोगही चालू आहेत, पण त्यात युरियापासून अमोनिया सुटतो, आणि मातीत त्याचंही नायट्रेट होतं. खतांचं नायट्रेट आधीच विहिरींत उतरणाऱ्या पट्ट्यात हा अमोनिया काढून घेतल्याशिवाय ही पद्धत आणू नये.

पायाच्या खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसलं की आजूबाजूच्या विहिरींची पातळीही खाली ओढली जाते. ते पाणी गटारात सोडण्याऐवजी आधी टाकीत निवळवून शोषखड्ड्यात सोडता येतं. काम सुरू होण्याआधी शेजारच्या चार-पाच विहिरींची पातळी आणि सामू मोजून ग्रामपंचायतीकडे लिहून ठेवला आणि काम संपेपर्यंत दर आठवड्याला तेच केलं, तर विहीर उतरली ती पंपामुळे की उन्हाळ्यामुळे, याचा वाद आकड्यांवर करता येईल. पातळी मोजायला दोरी, वजन आणि टेप लागतो. हा खर्च पुलाच्या निविदेत वेगळी बाब म्हणून धरायला हवा, म्हणजे ठेकेदाराला त्याचे पैसे मिळतील आणि गावाला ते काम मागता येईल.