अमुक फाट्याजवळ: अपघाताच्या नोंदीची पार्श्वभूमी

विदर्भातल्या ग्रामीण पोलीस ठाण्यातले जुने अपघाताचे पंचनामे वाचले की घटनास्थळाचं वर्णन एकाच वळणाचं दिसतं. ‘सदर ठिकाणी पूर्व-पश्चिम डांबरी रोड असून उत्तरेस अमुकचे शेत, दक्षिणेस नाली, पूर्वेस फाट्याकडे जाणारा रोड.’ शेताच्या चतुःसीमा लिहाव्यात तशी जागा लिहिलेली. कोर्टाला आणि विम्याच्या दाव्याला तेवढं पुरतं. पण धडक फाट्यापासून किती मीटरवर झाली, तिथे उजेड होता का, पांदण डांबरी रस्त्याला मिळते तिथे खोल कड पडली होती का, हे त्यातून कळत नाही. शेत विकलं गेलं की ती खूणही जाते.

याचं कारण जुनं आहे. आपल्याकडे अपघाताची नोंद गुन्हा म्हणूनच जन्माला आली. दंड संहितेची कलमं २७९ (बेदरकार गाडी चालवणं) आणि ३०४-अ (निष्काळजीपणाने मृत्यू) विचारत होती ते एवढंच, की चूक कोणाची? जुलै २०२४ मध्ये न्याय संहिता लागू झाली, कलमांचे आकडे बदलले, प्रश्न तोच राहिला. ‘भरधाव वेगाने व निष्काळजीपणे’ हे शब्द चालकाच्या नावापुढे लागले की तपासाची दिशा ठरते आणि रस्त्याला कोणी काही विचारत नाही. माझ्या मते आपलं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं.

‘अपघात इथेच का झाला?’ हा प्रश्न जगातही उशिरा आला. अमेरिकेत विल्यम हॅडन हे मूळचे डॉक्टर. त्यांनी अपघाताकडे साथीच्या रोगाकडे पाहावं तसं पाहिलं. माणूस, वाहन आणि भोवतालचा रस्ता या तिघांची धडकेच्या आधी, धडकेच्या क्षणी आणि नंतरची स्थिती त्यांनी एका कोष्टकात मांडली. माणूस चुकणारच हे धरून रस्ते बांधायचे, असं धोरण स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये स्वीकारलं. भारतात हाच विचार दिल्ली आयआयटीचे प्राध्यापक दिनेश मोहन यांनी वर्षानुवर्षं लावून धरला. कडबाकुट्टीत हात-बोटं गमावलेल्या शेतकऱ्यांचा अभ्यास त्यांच्या गटाने हरियाणाच्या खेड्यांत केला आणि यंत्राचीच रचना अधिक सुरक्षित करण्याचा मार्ग धरला. नुसतं ‘जपून काम करा’ सांगून ते थांबले नाहीत. ज्या कास्तकाराच्या घरी कडबाकुट्टी आहे, त्याला हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

कागदावर सुरुवात तशी लवकर झाली होती. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेने १९८२ मध्येच अपघात नोंदीचे नमुने ठरवून दिले. पण हवालदाराच्या दृष्टीने तो आणखी एक रकाने भरायचा कागद, आणि बांधकाम विभागाच्या अभियंत्यापर्यंत तो क्वचितच पोचायचा. खरा रेटा मिळाला तो कोर्टातून. कोइम्बतूरचे अस्थिशल्यचिकित्सक एस. राजशेखरन यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय महामार्गांसाठी ब्लॅक स्पॉटची, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेची, व्याख्या केली: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १९८-अ आलं आणि सदोष रस्त्याबद्दल रस्त्याची यंत्रणा, सल्लागार व ठेकेदार यांनाही दंडाची तरतूद झाली.

२०२१ मध्ये आयरॅड ही नोंदप्रणाली सुरू झाली. आयआयटी मद्रास आणि केंद्र सरकारची संगणक यंत्रणा एनआयसी यांनी ती बनवली आणि पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलीस घटनास्थळी उभा राहून मोबाईलवर फोटो आणि माहिती भरतो. अक्षांश-रेखांश जागेवरच नोंदवले जातात. तीच नोंद रस्त्याच्या अभियंत्याकडे, आरटीओकडे आणि रुग्णालयाकडे जाते. ‘अमुकचे शेत’ या खुणेच्या जागी पहिल्यांदाच नकाशावर ठिपका आला.

तरीही निसटणारं बरंच आहे. तालुक्याच्या रस्त्यावर जखमी झालेला माणूस आधी ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्ह्याला, तिथून नागपूरला मेडिकलमध्ये (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) जातो. तिथे आठव्या दिवशी तो दगावला, तर मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होतो रुग्णालयाच्या हद्दीतल्या ठाण्यात. अपघातानंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू अपघाती मृत्यूंत मोजायचा असतो, पण त्यासाठी तो कागद मूळ ठाण्यात वेळेत पोचून आधीच्या नोंदीला जोडला जावा लागतो. एकटाच दुचाकीवरून घसरून पडलेला, किंवा दोन्ही बाजूंनी ‘आपसात’ मिटवलेला अपघात कित्येकदा ठाण्यापर्यंतच येत नाही. अशा वेळी १०८ रुग्णवाहिकेच्या फेऱ्यांची नोंद पोलिसांच्या नोंदीशेजारी ठेवून पाहणं फार मोलाचं ठरतं.

आणि हंगाम. कापूस निघाला की भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधार पडल्यावरही जिनिंगकडे निघतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने माखलेला, कापूस दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आलेला. मागून येणाऱ्या दुचाकीच्या उजेडात ट्रॉली दिसते तेव्हा अंतर उरलेलं नसतं. वर्षाच्या बेरजेत हे महिने विरघळून जातात. महिना आणि तास वेगळे काढले तरच ते वर येतात, आणि मग उपाय लाल पट्टी व मागच्या दिव्याइतका स्वस्त असल्याचं दिसतं.

१ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ जण गेले, तेव्हा सारा देश हळहळला. पण २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर गेलेल्या १,६८,४९१ जणांपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागात गेले. त्यातले कितीतरी एकेकटे, ज्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींची. साध्या फाट्यावर तीन वर्षांत तीन घरांतली तीन माणसं गेली, तरी ५०० मीटरच्या व्याख्येत तो फाटा बसत नाही. नागपुरात सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पाने म्हणूनच ‘ग्रे स्पॉट’चा विचार पुढे आणला: बसमधल्या कॅमेऱ्याने थोडक्यात टळलेल्या धडका टिपायच्या आणि जागा काळी होण्याआधीच ओळखायची. गावाच्या फाट्यावर तसा कॅमेरा नाही. तिथे चहाच्या टपरीवाल्याला, एसटीची वाट पाहणाऱ्या पोरींना आणि पोलीस पाटलाला गाड्या कुठे कचकन थांबतात ते ठाऊक असतं. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत त्यांचं हे सांगणं ठेवायला आजही रकाना नाही.