फील : बोटापासून मनापर्यंत गेलेल्या शब्दाची पार्श्वभूमी

सांगलीच्या कापड पेठेत गिऱ्हाईक साडीचा पदर बोटांत चोळून म्हणतं, "याचा फील चांगला आहे." कॉलेजच्या कट्ट्यावरचा मुलगा मित्राला सांगतो, त्याला तिच्याबद्दल 'फीलिंग्ज' आहेत. मे महिन्यात मोबाइल दाखवतो, तापमान ३८ अंश, पण 'फील्स लाइक' ४१. सोसायटीच्या बैठकीत एखादे काका म्हणतात, "मला असं फील होतं की हा खर्च आत्ता नको." आणि मिरजेच्या दवाखान्यात तळपायाला काहीतरी टेकवून डॉक्टर विचारतात, "फील होतंय का?" पोत, प्रेम, उकाडा, मत आणि स्पर्शज्ञान ही पाचही कामं आपण एका परक्या शब्दाकडून करून घेतो. एवढे अर्थ एका ठिकाणी कसे जमले आणि ते आपल्याकडे येण्याआधी मराठी ही कामं कशी करत होती, हे पाहण्यासारखं आहे. दवाखान्यातल्या प्रश्नापाशी तर ते फार गरजेचं आहे.

साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या क्रियापदाचं रूप 'फेलान' असं होतं. अर्थ होता स्पर्शाने जाणणं. जर्मनमधलं 'फ्यूलेन' आणि डचमधलं 'व्हूलेन' ही त्याची सख्खी भावंडं. त्या जुन्या इंग्रजीत तळहाताला 'फोल्म' म्हणत आणि लॅटिनमधला तळहात म्हणजे 'पाल्मा' हा त्याचा नातलग. अभ्यासक 'फील'लाही याच कुळात बसवतात. म्हणजे शब्दाचा जन्म हाताशी झाला. तेराव्या शतकाच्या सुमाराला तो कातडीखाली उतरला. दुखणं, सुख, आजार, मनातली खळबळ हे सगळं त्यात आलं, आणि एखाद्या गोष्टीची खात्री वाटणं हेही आलं. चौदाव्या शतकात दुसऱ्याबद्दलचा कळवळाही त्याच शब्दात शिरला. यातला एकही अर्थ आधीच्याला हटवून आला नाही, सगळे एकमेकांशेजारी राहिले.

दरम्यान १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या काही शतकांत फ्रेंच-लॅटिन शब्दांचा लोंढा आला. लॅटिनच्या 'सेंटिरे' या क्रियापदातही स्पर्श, भावना आणि मत एकत्रच नांदत होती. त्याच्यापासून सेन्स, सेन्सेशन, सेंटिमेंट आले, संमती या अर्थाचा कन्सेंटही त्यातलाच. 'इमोशन' हा शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता हालचाल, खळबळ, अगदी लोकांमधला क्षोभसुद्धा. राग, दुःख, भीती यांना एकत्र बांधणारा शास्त्रीय शब्द म्हणून तो रुळला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. एडिनबराचे तत्त्वज्ञ थॉमस ब्राउन यांच्या व्याख्यानांचा त्यात मोठा वाटा आहे. इतके नवे शब्द आले तरी रोजच्या बोलण्यातून 'फील' हलला नाही. विद्वानांनी नव्या शब्दांनी वाटण्या केल्या, घरात जुनाच शब्द चालू राहिला.

या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. जुन्या इंग्रजीत 'विचार करणं' आणि 'वाटणं' ही दोन वेगळी क्रियापदं होती, 'थेंचान' आणि 'थ्युंचान'. दुसरं नेहमी 'मला' घेऊन येई. त्यातूनच 'मीथिंक्स' हे रूप टिकलं, जे शेक्सपिअरच्या नाटकांत जागोजागी भेटतं. त्याचा नेमका अर्थ 'मला वाटतं'. भूक लागली तर इंग्रज माणूस 'मला भुकावतं' अशा धर्तीवर बोले. आजचं 'लाइक' हे क्रियापदही मुळात 'आवडणं' असंच चाले, म्हणजे वस्तू माणसाला आवडे आणि कर्तेपण वस्तूकडे असे. मध्ययुगाच्या उत्तरार्धात विभक्तीचे प्रत्यय झिजले, शब्दांचा क्रम पक्का झाला आणि सगळीकडे 'मी' कर्ता होऊन बसला. 'मला वाटतं'च्या जागी 'आय थिंक' आणि 'आय फील' आले.

मराठीत ती जुनी घडण अजून ठणठणीत आहे. मला भूक लागते, थंडी वाजते, राग येतो, भीती वाटते, झोप येते, आठवण होते, हसू फुटतं, रडू कोसळतं. इथे कर्ता भूक आहे, थंडी आहे, राग आहे. माणूस म्हणजे ते जिथे येतं ती जागा. 'मी घाबरलो', 'मी चिडलो' असंही आपण म्हणतोच. पण 'घाबरलो'मध्ये आपण काहीतरी करून बसलेलो असतो आणि 'भीती वाटते'मध्ये भीती आपल्याकडे आलेली असते. शिवाय प्रत्येक पाहुण्याला आपलं वेगळं क्रियापद आहे. थंडी 'लागते' म्हटलं तर चालतं, राग 'वाजतो' म्हटलं तर चालत नाही. एका 'फील'वर भागवणाऱ्या भाषेत हा बारकावा सांगायला विशेषणं जोडावी लागतात.

आता दवाखाना. मिरजेला विल्यम वॉनलेस या मिशनरी शल्यविशारदाने १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं आणि तेव्हापासून हे गाव दुखण्यांचा उतारा शोधत येणाऱ्यांचं गाव झालं. आजही जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडून आणि कर्नाटकातून माणसं इथे येतात. त्यांतल्या मधुमेहींच्या पायाची एक साधी तपासणी असते. नायलॉनचा एक बारीक तंतू तळपायाला टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा. १० ग्रॅमचा भार पडला की तो वाकतो, त्याहून जास्त दाब देताच येत नाही. तो दाब पायाला कळला नाही तर पाय धोक्यात आहे असं समजतात, कारण अशा पायात काटा घुसला, चपलेचा खिळा रुतला तरी पत्ता लागत नाही आणि जखम चिघळते.

या तपासणीत "फील होतंय का?" किंवा त्याचा शब्दशः अवतार "काय वाटतंय?" असं विचारलं की खेड्यातला माणूस प्रामाणिकपणे उत्तर देतो, "बरं वाटतंय," नाही तर "भ्या वाटतंय." त्याला मनाचं विचारलंय असं तो धरतो, आणि ते बरोबरच आहे, कारण 'वाटणं' हे मराठीत मनाचं क्रियापद आहे. तेच "पायाला कळतंय का?" असं विचारा. लगेच उत्तर येतं, "न्हाई, काय बी कळंना." किंवा, "चप्पल पायातनं सुटली तरी कळत न्हाई, चार पावलं गेल्यावर ध्यानात येतं." चप्पल नकळत निसटणं ही मज्जातंतू क्षीण झाल्याची डॉक्टरांना चांगली ओळखीची खूण आहे.

आणखी एक फरक मराठी आपोआप करते. पायाला मुंग्या 'येतात', आग 'होते', कापसावर चालल्यासारखं 'वाटतं'. ही नसलेल्या गोष्टीची जाणीव. 'कळत नाही' ही असलेल्या गोष्टीची गेलेली जाणीव. मज्जातंतूंच्या आजारात डॉक्टर या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या नोंदतात, आणि आपला पेशंट क्रियापद बदलून त्या आधीच वेगळ्या सांगत असतो. ऐकणाऱ्याने कागदावर दोन्हींपुढे 'फीलिंग' लिहिलं तर ती माहिती तिथेच हरवते. म्हणून माझं ठाम मत आहे की आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणात कळणं, लागणं, दुखणं, वाटणं आणि येणं ही पाच क्रियापदं शिकवली पाहिजेत. कुष्ठरोगाच्या तपासणीत तर फार शहाणी पद्धत आहे. माणसाला डोळे मिटायला सांगतात, चट्ट्यावर हलकेच स्पर्श करतात आणि कुठे लागलं तिथे स्वतःचं बोट ठेवायला सांगतात. तोंडी उत्तराची गरजच उरत नाही. हा आजार जंतूमुळे होतो हे नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये दाखवलं. पुढे तमिळनाडूतल्या वेल्लोरला शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की या रोग्यांची बोटं झडण्यामागे मुख्यतः वेदना कळेनाशी होणं आहे: तापलेलं भांडं हातात राहतं, जखमेवर जोर पडत राहतो.

स्पर्श मोजायची सुरुवात जर्मनीतल्या लाइपझिगचे शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांची. १८३४ मध्ये त्यांनी कंपासची दोन टोकं कातडीवर टेकवून ती दोन म्हणून कधी कळतात हे तपासलं. बोटाच्या टोकाला २-३ मिलिमीटर अंतर पुरतं, पाठीवर ३-४ सेंटिमीटर लागतं. पुढे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये आपले हातपाय कुठे आहेत याच्या आतल्या जाणिवेला 'प्रोप्रिओसेप्शन' असं वेगळं नाव दिलं. आणि १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीतल्या कॅप्सेसिनने चेतणारा आणि साधारण ४३ अंशांच्या उष्णतेनेही चेतणारा एकच ग्राहक, म्हणजे मज्जातंतूवरचा संवेदना टिपणारा रेणू, शोधला. दाब ओळखणारे ग्राहक आर्डेम पातापुटियन यांच्या गटाने २०१० मध्ये शोधले. दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. तोंडाची 'आग' होते असं आपण ठेचा खाऊन म्हणतो, तेव्हा कातडीच्या पातळीवर ते अक्षरशः खरं असतं.

मिरची झोंबते आणि शब्दही झोंबतात. यावरून एक गैरसमज दूर व्हावा. मराठी शरीर आणि मन यांत भिंत घालते असं मुळीच नाही. काटा बोचतो, बोलणंही बोचतं. डोळ्यात कण खुपतो, दुसऱ्याचं सुखही खुपतं. पायात कुरूप सलतं, मनात अपमान सलतो. डोक्याला दार लागतं, आणि "तुझं बोलणं मला लागलं" असंही होतं. इंग्रजीने एक शब्द हातापासून मनापर्यंत नेला, मराठीने डझनभर क्रियापदं एकेक करून नेली. 'चाचपणं' पाहा. खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड घेणारा शेतकरी वशिंडावर, पाठीवर, पायांच्या सांध्यांवर हात फिरवून चाचपतो. तोच शब्द निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत येतो, 'उमेदवारांची चाचपणी सुरू'. इंग्रजीतही समोरच्याचा अंदाज घेण्यासाठी 'फील'च वापरतात.

भावना आधी की शरीर आधी, हा वादही या शब्दाच्या पोटातला. १८८४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी मांडलं की आपण घाबरतो म्हणून थरथरत नाही, थरथरतो त्याची जाणीव म्हणजेच भीती. आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने ४९ भाव मोजले. त्यांत ८ स्थायी म्हणजे टिकून राहणारे, ३३ व्यभिचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे आणि ८ सात्त्विक आहेत. सात्त्विक म्हणजे घाम, रोमांच, कंप, अश्रू, आवाज फुटणं, रंग उडणं अशा गोष्टी, शरीरावर दिसणाऱ्या, पण मोजल्या भावांतच. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणलं आणि मराठी रंगभूमीची सुरुवात झाली, तिच्यामागे ही परंपरा उभी आहे. तालमीत नटाला 'वाटू दे' म्हणतात तेव्हा अंगावर काटा उभा राहणं हीच त्याची कसोटी धरतात.

मोबाइलमधल्या 'फील्स लाइक'चा उगम अलीकडचा. अंटार्क्टिकावर पॉल सिपल आणि चार्ल्स पासेल या संशोधकांनी १९४० च्या दशकात वाऱ्यात पाणी किती लवकर गोठतं ते मोजून गारव्याचा निर्देशांक काढला. उकाड्याचा निर्देशांक रॉबर्ट स्टेडमन यांनी १९७९ मध्ये मांडला, त्यात दमटपणा धरला. आपल्याकडे त्यासाठी 'उकडतंय' आहे, आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरसाठी 'हुडहुडी'.

मराठीतही 'फील' घुसला. २००४ च्या निवडणुकीत 'फील गुड' घरोघरी पोचला. पण आपल्या तोंडी तो कसा बसलाय ते ऐकावं. 'मी फील करतो' असं म्हणणारे थोडे आहेत. बहुतेक जण म्हणतात, 'मला फील झालं', 'मला फील येतो'. जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत कन्नड बोलतात. तिथे 'मला वाटतं'ला 'ननगे अनिसुत्तदे' म्हणतात, तिथेही 'ननगे' म्हणजे 'मला'च, आणि नवा शब्द घेतल्यावरही 'ननगे फील आयितु' असंच म्हणतात. इंग्रजीने काही शतकांपूर्वी टाकून दिलेला 'मला' तिच्याच शब्दाला जतच्या एसटी स्टँडवर दोन भाषांनी परत जोडलाय.