नाच चालतो, माईक नाही : निर्वासित आणि महोत्सवांची पार्श्वभूमी

बाहेरून आलेल्यांना मान देण्याची रीत सोलापूरला नवी नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो तेव्हा अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो, आणि तिथल्या पद्मशाली घराण्यांची मुळं तेलंगणात आहेत. सिद्धेश्वर यात्रेतल्या सात नंदीध्वजांचा मानही वेगवेगळ्या समाजांत वाटलेला आहे. पण हे सारे नागरिक. रथाचा मार्ग बदलला तर ते नगरसेवकाला जाब विचारू शकतात. निर्वासिताचं तसं नाही. त्याचा मुक्काम दुसऱ्याच्या सहीवर असतो, म्हणून महोत्सवात त्याच्या वाट्याला नाच आणि खाद्यपदार्थांचा स्टॉल येतो, माईक येत नाही.

याचं सर्वांत लख्ख उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. 21 मार्च 1960 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिल इथे काळ्या लोकांना सतत पास बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, 69 माणसं मेली. 1966 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस वंशभेद निर्मूलनासाठी ठरवला. ऑस्ट्रेलियाने 1999 पासून तोच दिवस 'हार्मनी डे' म्हणून साजरा करायला घेतला. नारिंगी कपडे, देशोदेशीचे पदार्थ, 'इथे प्रत्येकाची जागा आहे' हा संदेश. वंशभेद हा शब्दच पाहुण्यांच्या यादीतून गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परवानगीविना येऊन आश्रय मिळवलेल्यांसाठी तात्पुरता व्हिसा आला. मुदत 3 वर्षं, बायकामुलांना बोलावून घेण्याची सोय नाही, देशाबाहेर पाऊल टाकलं तर परतीचा हक्क नाही.

डिसेंबर 2013 पासून तर बोटीने आलेल्या आश्रयार्थींना समाजात राहायचं असेल तर आचारसंहितेवर सही करावी लागू लागली. त्यात इतरांच्या शांततेत व्यत्यय आणणारं वर्तनही निषिद्ध होतं. नियम मोडला तर व्हिसा रद्द होऊ शकतो, रवानगी पुन्हा कोठडीत. इतकं सैल कलम असल्यावर कुणाला गप्प बसवायची गरजच उरत नाही, माणूस स्वतःच स्टेजच्या कडेला उभा राहतो. 2014 च्या सुरुवातीला नाऊरूने पत्रकारांच्या व्हिसाचं शुल्क 200 डॉलरवरून 8,000 ऑस्ट्रेलियन डॉलर केलं, अर्ज फेटाळला तरी पैसे परत नाहीत. ऑस्ट्रेलियाने आश्रयार्थींना ठेवलेली छावणी याच बेटावर.

आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाच नाही. 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. घटनेतली कलमं 14 (समानता) आणि 21 (जीविताचा हक्क) कोणाही माणसाला लागू आहेत, अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 21 चाच आधार घेतला. भाषणस्वातंत्र्याचं कलम 19 मात्र फक्त नागरिकांसाठी. 2018 मध्ये तिबेटी निर्वासितांनी भारताचे आभार मानण्यासाठी दिल्लीत कार्यक्रम ठरवले. वरिष्ठ नेत्यांनी आणि अधिकाऱ्यांनी त्यांना जाऊ नये, अशी सरकारी सूचना निघाली आणि मुख्य सोहळा धरमशालेला हलवावा लागला. मागायचंही काही नव्हतं, नुसते आभार मानायचे होते!

सोलापूरची स्वतःची आठवणही एकसुरी नाही. रझाकारांच्या काळात निजामाच्या हद्दीतून माणसं इकडे आली. 13 सप्टेंबर 1948 रोजी निजामाच्या राज्यावरच्या कारवाईसाठी सोलापूरकडून भारतीय फौजा नळदुर्गकडे निघाल्या. त्या लोकांची हकीकत दर 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाड्यात भाषणांतून सांगितली जाते, आणि ते योग्यच. पण कारवाईच्या काळात आणि नंतर झालेल्या हिंसाचारात 27 ते 40 हजार माणसं मेल्याचा अंदाज केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत शेजारचा उस्मानाबाद होता. जिल्ह्याजिल्ह्यांतून मुसलमान कुटुंबं हैदराबाद शहरात आश्रयाला गेली. समितीचा अहवाल कित्येक दशकं दडून राहिला, आणि या कुटुंबांना त्या दिवशी बोलायला कुणी बोलावल्याचं क्वचितच दिसतं.

महोत्सवात नकार तोंडावर कुणी देत नाही, तो अर्जात असतो. 'राजकीय विषय टाळावेत' ही अट स्टॉलवाल्या सर्वांना सारखी दिसते, पण 'मी घर का सोडलं' हेच निर्वासिताच्या बाबतीत राजकीय ठरतं. म्हणून संयोजकांनी ती अट 'पक्षप्रचार नको' एवढीच ठेवावी. भाषणाची प्रत आधी मागू नये. दुभाषा वक्त्याने निवडावा, कारण संयोजकांचा दुभाषा नको ते वाक्य हळूच गाळतो. फोटो आणि फेसबुक लाइव्हला आधी विचारावं, मायदेशातले नातेवाईक अडचणीत येऊ शकतात. दुभाष्यासह 5 मिनिटांच्या बोलण्याला 10 मिनिटं लागतात, तेवढी वेळ कार्यक्रमपत्रिकेतच धरावी. आणि हे भाषण प्रमुख पाहुण्यांच्या आधी ठेवावं. रात्री 10 ला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, पाहुणे उशिरा येतात, आणि कात्री नेहमी शेवटच्या नावावर चालते.