सर्व्हरलेस नेहमीच स्वस्त पडतं का?

सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर स्वतः न सांभाळता क्लाउड कंपनीकडे आपला कोड चालवणं. ‘सर्व्हरलेसमध्ये वापराल तेवढंच बिल, म्हणून ते नेहमीच स्वस्त’ असा समज आहे. पहिला भाग बराचसा बरोबर, म्हणूनच दुसरा सहज पटतो.

फंक्शनचं (मागणी आली की चालणाऱ्या कोडच्या तुकड्याचं) बिल सहसा मेमरी गुणिले वेळ असं लागतं. १ जीबी मेमरी, प्रत्येक कॉलला, म्हणजे फंक्शन एकदा चालायला, २०० मिलिसेकंद, असे १० लाख कॉल झाले की २ लाख जीबी-सेकंद. डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळही बहुतेक ठिकाणी यातच धरतात; हे मात्र चटकन लक्षात येत नाही. अधूनमधून येणाऱ्या कामाला हा हिशोब उत्तम. दिवसरात्र सारखाच भार असेल, तर साधा सर्व्हरही स्वस्त पडू शकतो.

लॉग (फंक्शन चालताना होणाऱ्या नोंदी), गेटवे (बाहेरच्या विनंत्या फंक्शनपर्यंत पोचवणारी सेवा), साठवण यांचे पैसे वेगळेच. महिन्याचं बिल सेवानिहाय उघडून पाहा: कधीकधी फंक्शनपेक्षा लॉगचा आकडा मोठा निघतो.