निवळलेलं पाणी आणि निर्जंतुक पाणी: तुरटीचं काम वेगळं, टीसीएलचं वेगळं

पावसाळ्यात नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं की घरात पहिली आठवण होते तुरटीची. खडा हातात धरून हंड्यात गरगरा फिरवायचा, रात्रभर झाकून ठेवायचं, आणि सकाळी गाळ तळाला बसला की म्हणायचं, पाणी शुद्ध झालं. शुद्ध नाही झालं, निवळलं. या दोन गोष्टींसाठी मराठीत दोन वेगळे शब्द असूनही घोळ नेमका इथेच होतो. 2019 च्या सांगली-कोल्हापुरातल्या किंवा 2021 च्या चिपळुणातल्या पुरासारख्या वेळी हा घोळ थेट पोटावर येतो.

मातीचे अगदी बारीक कण एकमेकांना दूर लोटत असतात, त्यामुळे ते दिवसेंदिवस तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम हे लोटणं मोडतं आणि त्याचे चिकट पुंजके तयार होतात. नासलेल्या दुधासारखे दिसणारे हे पांढुरके पुंजके माती गोळा करत खाली बसतात. जंतूही बऱ्यापैकी त्यांच्यासोबत जातात, पण मरत नाहीत. तळाच्या गाळात ते जिवंत असतात, काही वरच्या नितळ पाण्यातही उरतात. शिवाय खडा फिरवणारा हात मनगटापर्यंत पाण्यात बुडालेला असतो, ते वेगळंच.

म्हणून खडा न फिरवता द्रावण करावं. 10 ग्रॅम तुरटी कुटून 200 मिली पाण्यात विरघळवायची. 20 लिटर गढूळ पाण्याला त्यातलं 20 मिली, म्हणजे 1 ग्रॅम तुरटी, पुरते. पाणी अगदीच चिखलाचं असेल तर 40 मिली. ओतल्यावर मिनिटभर जोरात ढवळायचं आणि मग पाच ते दहा मिनिटं अगदी हळू. हा हळू ढवळण्याचा भाग लोक गाळतात. त्याच वेळात पुंजके एकमेकांना धरून मोठे होतात. जोरात ढवळत राहिलं तर ते फुटतात आणि पाणी दुधट राहतं. तीन-चार तास हात न लावता ठेवून वरचं पाणी चौपदरी सुती कापडातून हळूच ओतून घ्यायचं, तळाचं चार बोटं पाणी सोडून द्यायचं.

कोकणात कधी कधी तुरटी घालूनही पुंजके धरत नाहीत. तुरटी पाण्यातला क्षार खाते, आणि जांभ्या मातीतलं पाणी मुळात मऊ, कमी क्षाराचं असतं. अशा वेळी तुरटी वाढवत नेली तर पाणी फक्त तुरट लागतं. खाण्याच्या चुन्याची चिमूट आधी पाण्यात कालवली तर काम होतं. देशावरच्या विहिरींचं पाणी बहुधा जड असतं, तिथे ही अडचण सहसा येत नाही.

टीसीएल, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती ब्लीचिंग पावडर, हिचं काम उलट. ती पाणी निवळत नाही, जंतू मारते. पण समोर चिखल आणि पालापाचोळा असेल तर क्लोरीन त्यातच खर्च होतो. मातीच्या कणाआड दडलेल्या जंतूपर्यंत तर तो पोचतच नाही. त्यामुळे क्रम ठरलेला: आधी तुरटी, निवळलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात, मग क्लोरीन. वेळ वाचवायला दोन्ही द्रावणं एका भांड्यात कालवू नयेत. तुरटीचं द्रावण आम्लधर्मी असतं आणि दाट टीसीएलशी मिळाल्यावर क्लोरीन वायू सुटतो.

ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. पिशवी फोडून ओलसर जागी ठेवली की तो झपाट्याने उतरतो, आणि 20 टक्क्यांखाली गेलेली पावडर पाण्यासाठी बाद समजायची. 25 टक्क्यांची पावडर धरली तर 10 ग्रॅम पावडर 250 मिली पाण्यात घोळून दहा मिनिटं ठेवायची. चुना तळाला बसतो, वरचं स्वच्छ पाणी म्हणजे सुमारे 1 टक्क्याचं द्रावण. निवळलेल्या 20 लिटर पाण्याला त्यातलं 5 मिली, म्हणजे एक लहान चमचा, घालून अर्धा तास झाकून ठेवायचं. द्रावण प्लास्टिकच्या किंवा काचेच्या बाटलीत, अंधारात, आणि आठवडाभरात संपवायचं. फरशीसाठी मिळणारं सुगंधी ब्लीच चालत नाही. पावडरीची कटकट नको असेल तर क्लोरीनच्या गोळ्या बऱ्या. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तयार केलेली 0.5 ग्रॅमची गोळी 20 लिटरसाठी आहे. इतर गोळ्यांचं माप पाकिटावर बघावं.

अर्ध्या तासाने पाण्याला क्लोरीनचा हलका वास यायला हवा. आला नाही तर तोच डोस पुन्हा एकदा देऊन पंधरा मिनिटं थांबायचं. तरीही वास नसेल तर एक तर पावडर मेलेली आहे, नाहीतर पाणी नीट निवळलेलं नाही. ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन हे क्लोरीन तपासायचं द्रावण, त्याच्या थेंबांनी पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. तपासलेलं पाणी मात्र फेकून द्यावं, पिऊ नये.

उकळण्याशीही ही तुलना होते. खळखळ उकळी एक मिनिट आली की जंतू मरतात, क्लोरीनला दाद न देणारे क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवीसुद्धा. पण उकळलेल्या पाण्याला पुढचं संरक्षण नसतं. कळशीत एक बुडवलेला पेला पुरतो. क्लोरीनचं पाणी साठवणीला टिकतं ते शिल्लक क्लोरीनमुळे. माणशी रोज 4 लिटर धरलं तर चौघांना तीन दिवस 48 लिटर लागतं: अरुंद तोंडाचे, तोटी असलेले 20 लिटरचे तीन कॅन. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं.

पुराच्या पाण्यावर डिझेलचा तवंग असेल किंवा त्यात शेतातलं औषध मिसळलं असेल, तर तुरटी, टीसीएल आणि उकळी या तिन्हींचा उपयोग नाही. ते पाणी भरूच नये, टँकरची वाट बघावी.