खळ्यावर ठरणारी चव

जांबोटीला माझ्या मामांच्या घरामागं फणस, आंबा आणि सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची साडेतीनशे झाडं आहेत. चिक्कमगळूरकडून रोपं आणून त्यांनी ती हौसेनं लावली. चौथ्या वर्षी पहिलं बऱ्यापैकी पीक आलं आणि घरच्यांनी ते जमलं तसं काढलं. एका दिवसात सगळ्या फांद्या ओरबाडल्या, फळं रात्रभर पोत्यात राहिली, सकाळी शेणानं सारवलेल्या खळ्यावर पसरली. वाळल्यावर मूठभर बिया भाजून, कुटून कॉफी केली, तर पहिल्याच घोटाला माती आणि आंबूस वास. मामा खट्टू झाले. आपल्या मातीत हे पीक होणार नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. पण मातीचा आणि झाडांचा यात काही दोष नव्हता. चव गेली होती ती तोडणी आणि वाळवणीच्या मधल्या दिवसांत.

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात कॉफी हे परंपरेचं पीक नाही. सूफी संत बाबाबुदन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिक्कमगळूरजवळच्या चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या असं सांगतात. तेव्हापासून कर्नाटकातली कॉफी म्हणजे चिक्कमगळूर, कोडगू आणि हासन. देशातली साधारण ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते आणि त्यातली बहुतेक याच तीन जिल्ह्यांत. सह्याद्रीची तीच रांग उत्तरेकडे येत जांबोटी-कणकुंबीला पोचते. फरक आहे तो उंचीचा. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकाला १००० ते १५०० मीटर उंचीवरचा गारवा मानवतो. आमचा पट्टा ८०० मीटरच्या आसपास. ही उंची दुसऱ्या जातीची, रोबस्टाची. दुकानांतून 'शंभर टक्के अरेबिका' असं मिरवतात, त्यामुळं रोबस्टा म्हणजे हलका माल असा समज पसरलाय. मला तो मान्य नाही. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, कडवटपणा जास्त असतो, हे खरं. पण धुऊन तयार केलेला भारतीय रोबस्टा इटलीतले एस्प्रेसोवाले मुद्दाम मागून घेतात, आणि उत्तम रोबस्टाला 'फाइन रोबस्टा' म्हणून वेगळी प्रतही मिळते. आमच्याकडच्या शेतकऱ्यानं अरेबिकाच्या मागं लागून खोडकिडा आणि तांबेऱ्याशी झुंजण्यापेक्षा रोबस्टाच नीट करावा.

रोबस्टाचं वर्ष सुरू होतं ते वळवाच्या पावसानं. थंडी सरता सरता फांद्यांवर कळ्या धरतात आणि तशाच झोपून राहतात. त्यांना आधी कोरड्या दिवसांचा ताण हवा असतो, मग एकदम पाणी. इंच-दीड इंच पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत अख्खी बाग पांढरी होते आणि जाईसारखा वास सुटतो. अरेबिका स्वतःच्या परागावर फळ धरते, रोबस्टाला मात्र दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. तो वारा आणतो आणि मधमाश्या आणतात, म्हणजे आपल्या ओळखीचं आग्या मोहोळ आणि सातेरी. आमच्याकडं वळीव बहुधा एप्रिल-मेमध्ये येतो. रोबस्टाला तेवढा उशीर परवडत नाही, म्हणून कॉफीच्या पट्ट्यातले बागाईतदार फेब्रुवारी-मार्चमध्येच तुषार सिंचनानं खोटा पाऊस पाडतात. मामांच्या विहिरीला त्या दिवसांत पाणी असतं, हे आमचं नशीब. उलट जून ते सप्टेंबर इथला पाऊस इतका असतो की मुळाशी पाणी साचू न देणं हेच मोठं काम. सततच्या ओलीनं पानं काळी पडून कुजतात, तो 'कोळेरोग'. कन्नडातलं हे शेतकऱ्यांचं नाव शास्त्रज्ञांनी उचललं आणि त्या बुरशीच्या लॅटिन नावातही 'कोलेरोगा' म्हणून बसवलं.

फूल आल्यापासून फळ पिकायला रोबस्टात दहा-अकरा महिने जातात, आणि त्यातले शेवटचे आठवडे सर्वांत मोलाचे. बीमध्ये साखर भरते ती याच काळात. हिरव्या फळाच्या बीत साखर कमी आणि जिभेला ओढ आणणारी क्लोरोजेनिक आम्लं जास्त असतात. याची परीक्षा भट्टीत होते. बेळगावचा कुंदा ज्यांनी घरी केलाय त्यांना हे लगेच कळेल. दूध आटत आटत तपकिरी होतं आणि खमंग वास येतो, कारण दुधातली साखर आणि प्रथिनं उष्णतेनं एकमेकांशी जोडली जातात. या जोडणीला मेयार्ड प्रक्रिया म्हणतात. कॉफी भाजताना तेच घडतं. साखरच नसेल तर रंग कुठून येणार? भाजलेल्या कॉफीत मधूनच फिकट, शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाच्या बिया दिसतात, त्या कच्च्या फळांच्या. अशा थोड्या बियाही अख्ख्या भांड्याला कागदी, तुरट चव देतात.

म्हणून फक्त लाल फळ तोडायचं. लिहायला सोपं आहे, पण एका झुबक्यात हिरवी, पिवळसर, लाल आणि जास्त पिकलेली फळं एकदमच असतात. एकाच झाडाकडं तीन-चार वेळा जावं लागतं. तोडणाऱ्या बायकांना किलोवर मजुरी दिली तर त्या हाताला येईल ते ओढणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. ज्याला पिकलेलं फळ हवं त्यानं रोजावर मजुरी द्यावी, आणि नेहमीपेक्षा चार पैसे जास्त द्यावेत. एक किलो वाळलेल्या बियांना साधारण पाच किलो ताजी फळं लागतात, तेव्हा हा खर्च आधीच हिशेबात धरायला हवा.

तोडल्या क्षणापासून घड्याळ चालू होतं. फळाच्या गरात साखर आहे आणि सालीवर यीस्ट व जिवाणू आहेत. पोत्यात ढीग करून ठेवलं की आत ऊब धरते आणि आंबणं सुरू होतं, कोणाच्याही ताब्यात नसलेलं. आंबवणं वाईट असतं असं नाही. इडलीचं पीठ आंबल्याशिवाय इडली फुगत नाही, पण ते किती तास ठेवायचं हे घरातल्या बाईला माहीत असतं. कॉफीतही तसंच. साल काढून बी चिकट गरासह टाकीत ठेवतात, गर सुटला की धुतात. रोबस्टाचा गर चिवट असल्यानं त्याला अरेबिकापेक्षा जास्त वेळ लागतो. गर तसाच ठेवून वाळवलं की ती 'हनी', अख्खं फळ वाळवलं की 'नॅचरल'. ज्याच्याकडं साल काढायचं यंत्र नाही आणि धुवायला भरपूर पाणी नाही, त्याला नॅचरल हाच जवळचा मार्ग. मात्र त्यात वाळवणीची चूक अजिबात खपत नाही.

खळं आलं ते इथं. भाताला आवरणाचं तूस असतं आणि खळ्यावर तो फार दिवस राहत नाही. कॉफीचं ओलं फळ दोन-तीन आठवडे वाळत असतं आणि जमिनीचा वास शोषून घेतं. मामांच्या कॉफीला आलेला मातीचा वास तिथलाच. बांबूच्या चौकटीवर जाळी ताणून कमरेएवढ्या उंचीचं मांडव केलं की वारा खालूनही फिरतो. थर दोन बोटांपेक्षा जाड नको, दिवसातून पाच-सहा वेळा हात फिरवायचा, दुपारच्या कडक उन्हात आणि रात्रीच्या दवात झाकायचं. ओल ११ टक्क्यांवर आली की थांबायचं. साडेबाराच्या वर राहिली तर बुरशी धरते, आणि काही बुरशी ऑक्रॅटॉक्सिन नावाचं विष सोडतात. भाजूनही ते पूर्ण जात नाही. युरोपीय संघानं भाजलेल्या कॉफीत त्याची मर्यादा किलोमागं ३ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. दाताखाली बी चावून अंदाज घेणारे जाणते असतात, पण या बाबतीत मी ओल मोजायच्या यंत्रावरच विश्वास ठेवीन.

अशा मालाची पारख 'कपिंग'नं होते. ३५० ग्रॅम हिरव्या बियांतून दोष निवडतात, मग एकाच नमुन्याचे पाच पेले लावतात. प्रत्येकी साधारण सव्वाआठ ग्रॅम भरड, दीडशे मिलिलिटर गरम पाणी, चार मिनिटांनी वरची साय मोडून वास, आणि मग चमच्यानं सुर्रकन घोट. शंभरपैकी ८० किंवा जास्त गुण मिळाले तर ती स्पेशालिटी कॉफी. पाच पेले कशाला? एखादी कुजकी बी एकाच पेल्यात सापडते आणि माल एकसारखा नाही हे उघडं पडतं. बेळगाव बासमती घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वासाच्या तांदळात दुसरा तांदूळ मिसळला की भात शिजताना कळतंच.

कॉफीच्या बाजाराचं दुखणंही हे मिसळणंच होतं. १९४२ च्या कायद्यानंतर अनेक दशकं बागाईतदारांचा माल कॉफी बोर्डाच्या एकत्र साठ्यात जायचा. ही सक्ती टप्प्याटप्प्यानं सैल होत १९९६ मध्ये संपली, आणि स्वतःच्या बागेच्या नावानं माल विकायची वाट खुली झाली. तरी व्यापाऱ्याला दिलेल्या साध्या मालाचा भाव अजून न्यूयॉर्क आणि लंडनच्या वायदेबाजारावरच हलतो. आमच्याकडं काजूत हे रोज दिसतं. बी विकणाऱ्याला एक भाव, फोडून, सोलून, ३२०, २४० अशी प्रत लावणाऱ्याला दुसरा. देशातले ९८ टक्क्यांहून जास्त कॉफी उत्पादक छोटे आहेत, आणि साडेतीनशे झाडांचा माल एकट्यानं कोणा भट्टीवाल्याला पुरणार नाही. आंध्रातल्या अराकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी यावर उत्तर काढलं: फळं एका ठिकाणी आणायची, तिथंच एका पद्धतीनं तयार करायची. २०१९ मध्ये अराकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी चिक्कमगळूर, बाबाबुदनगिरी, कूर्गच्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टालाही. जांबोटीच्या आसपासच्या पाच-सहा घरांनी एक मांडव, एक ओलमापक आणि तोडणीचा एक नियम ठरवला तरी सुरुवात होईल.

एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते. कॉफीला भाव आहे म्हटल्यावर कुणी रान तोडायला निघेल. शेजारी भीमगड अभयारण्य आहे. युरोपच्या नव्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी तिथं विकता येणार नाही, आणि प्रत्येक प्लॉटचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. आहे त्याच आंबा-फणसाच्या सावलीत, मिरवेल चढलेल्या झाडांखाली रोबस्टा छान वाढतो. त्यासाठी नवं रान लागत नाही.

मामांनी बांबू तोडून ठेवलेत. या मार्गशीर्षात पहिली तोडणी फक्त लाल फळांची, आणि तो माल बाकीच्यापासून वेगळ्या पोत्यात. दोन्हींची चव शेजारी शेजारी घ्यायला मी जाणार आहे.