स्वागताचं चित्र कुणी काढायचं?

२० जूनला जागतिक निर्वासित दिन असतो. आपल्याकडे तेव्हा शाळा नुकत्याच उघडलेल्या, वह्यांना खाकी कव्हरं घालायची बाकी. पुण्यात तो दिवस फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. युरोपातल्या काही शाळांत मात्र मुलं नव्याने आलेल्या निर्वासितांसाठी चित्रं काढतात, पताका लावतात. ही पद्धत तशी अलीकडची. त्याआधी चित्रं उलट्या दिशेने जायची.

स्पेनमधल्या यादवी युद्धात (१९३६–३९) घरं सुटलेल्या मुलांना कागद आणि रंग दिले गेले. कितीतरी मुलांनी घर काढलं आणि घरावर बॉम्ब टाकणारी विमानं. १९३८ मध्ये त्यातली काही चित्रं अमेरिकेत छापली गेली, मदतनिधीसाठी. पुढे तेरेझिनच्या नाझी छावणीत फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीने कैदेतल्या मुलांना चित्रकला शिकवली. १९४४ मध्ये तिला ऑशवित्झला नेऊन मारलं, पण मुलांची सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमध्ये मागे राहिली. म्हणजे चित्र काढायचं ते होरपळलेल्या मुलाने, आणि हळहळायचं ते सुखरूप घरातल्यांनी.

यजमानांच्या मुलांच्या हाती खडू आले ते बरंच नंतर. ब्रिटनमध्ये २००५ साली शेफील्डपासून निर्वासितांना आसरा देणाऱ्या शहरांची चळवळ सुरू झाली, तिच्यात शाळाही आल्या. २०२१ मध्ये ‘अमल’ नावाची साडेतीन मीटर उंच बाहुली, नऊ-दहा वर्षांची सीरियन मुलगी म्हणून, तुर्कस्तानातल्या गाझियान्तेपहून मँचेस्टरपर्यंत निघाली. वाटेतल्या गावांनी आपापल्या कलेने तिचं स्वागत केलं.

आपल्याकडे निर्वासित काही नवे नाहीत. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीतले सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर. पुण्याजवळ सिंधी कुटुंबं पिंपरीत वसवली गेली. आज कापडखरेदीला पिंपरी कॅम्पात जाणाऱ्या किती जणांना तो ‘कॅम्प’ निर्वासितांचा, हे आठवतं? (पुण्याचा कॅम्प वेगळा, तो इंग्रजांच्या लष्कराचा.) निर्वासितांचे हक्क ठरवणाऱ्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे निर्वासित म्हणून राहण्याचा हक्क इथे कायद्यात नाही, आणि २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडल्यावर पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्यांचा सगळा जीव व्हिसाच्या मुदतीत अडकला होता.

आमच्या कोंढव्यातल्या इमारतीत असंच एक अफगाण कुटुंब राहायला आलं. खालच्या मजल्यावरच्या चौथीतल्या मुलीने त्यांच्यासाठी कार्ड केलं. चित्र नेहमीचंच: दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि झोपडी. एका डोंगरावर टॉवर काढला, म्हणजे तो सिंहगड. वर ‘खुश आमदीद’ (म्हणजे सुस्वागतम) हे मोबाइलवर बघून त्यांच्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीत लिहिलं, तेही डावीकडून सुरुवात करून. शेवटचं अक्षर आधी. तरी बरोबर वाचता आलं म्हणे. त्या घरातल्या मुलाने कार्ड बघून एकच विचारलं, डोंगरावर बर्फ कसा नाही? तिच्या पेटीतला पांढरा खडू कोराच होता. तो त्याने मागून घेतला.